आरा मशीनवाला डॉक्टर

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठी हा विषय मी दहावीपर्यंत पास होण्यापुरताच केला. त्यामुळे हा लेख इंग्रजी सेक्शनमध्ये टाकावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण तो माझ्या आईला वाचायचा आहे, आणि या लेखात आईचं काम बरंच आहे. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूम-पार्टनरनं तपासलंय. जे चुकलं असेल ते तिच्या नावावर.

मी केळापूरची. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हायवेवर पांढरकवडा लागतं, त्याच्या अगदी जवळचं गाव. जगदंबेच्या मंदिरामुळे नवरात्रात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, एरवी कापूस आणि शांतता. आमच्या भागात सागवानाचं जंगल आहे, त्यामुळे आरा मशीन काय असतं हे लहानपणापासून माहीत. तो लाकूड चिरण्याचा आवाज आणि ओल्या भुशाचा वास. हे मुद्दाम सांगतेय, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो काही काळ आरा मशीनचा मालक होता. निदान कागदोपत्री तरी.

झालं असं की थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मला रोपवे हा विषय मिळाला. सगळे माणसं नेणाऱ्या रोपवेवर करणार होते, म्हणून मी डोंगरातून लाकडाचे ओंडके खाली आणणाऱ्या तारेच्या रोपवेवर करायचं ठरवलं. शोधता शोधता फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातलं मेंदिव हे गाव सापडलं. तिथे १९४२ च्या सुमाराला बंद पडलेली एक लाकूड गिरणी जाक पेरो नावाच्या माणसानं चालू केली होती आणि वरच्या इराती जंगलातून ओंडके आणायला तारेचा रोपवे होता. एवढंच लिहून मी पुढे जाणार होते, पण पुढच्याच ओळीत होतं की जाक पेरो हे नाव खोटं. खरं नाव चार्ल्स स्केपेन्स, व्यवसाय डोळ्यांचा डॉक्टर.

हे नाव मी आधी ऐकलेलं होतं. नागपूरला माझे डोळे तपासताना एकदा डॉक्टरांनी बोलता बोलता घेतलं होतं. त्या रात्री सेमिनार बाजूलाच राहिला.

चार्ल्स स्केपेन्स यांचा जन्म १३ मार्च १९१२ रोजी बेल्जियममधल्या मुस्क्रों या गावात झाला. आधी त्यांनी गणित घेतलं होतं. मग ते मेडिकलकडे वळले आणि १९३५ मध्ये गेंटहून डॉक्टर झाले. गणित सोडलं तरी ते डोक्यातून गेलं नसावं, हे पुढे कळेलच. डोळ्यांचं शिक्षण घ्यायला ते लंडनच्या मूरफील्ड्स हॉस्पिटलमध्ये गेले. डोळ्यांच्या जगात मूरफील्ड्स म्हणजे काय हे सांगायचं तर, आपल्याकडे पोरं आयआयटीचं नाव ज्या सुरात घेतात त्या सुरात घ्यायचं नाव.

१९४० मध्ये जर्मनीनं बेल्जियमवर हल्ला केला तेव्हा हा तरुण डॉक्टर बेल्जियमच्या हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होता. देश पडला. ते पुन्हा ब्रुसेल्समध्ये रुग्ण तपासू लागले. तेवढ्यात जर्मन पोलिसांनी त्यांना पकडलं. आरोप काय, तर दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना पळून जायला गाडी दिली. आरोप खोटा होता. ते सुटले. आणि सुटल्यावर त्यांनी काय केलं असेल? ज्या कामाचा खोटा आळ आला होता तेच काम खरोखर सुरू केलं! त्यांचा दवाखाना भूमिगत लोकांची टपाल कचेरी झाला. डोळे दाखवायला येणारी माणसं गुप्त कागद देऊन-घेऊन जायची. शेवटी तेही उघडकीला आलं आणि त्यांना बेल्जियम सोडावं लागलं.

मग मेंदिव. डॉक्टर स्केपेन्स नाहीसे झाले आणि लाकडाचे व्यापारी जाक पेरो अवतरले. गिरणी खरीखुरी चालायची. कामगार होते, लाकूड विकलं जायचं, अगदी जर्मनांनाही. गावातल्या बऱ्याच लोकांना वाटायचं की हा शेठ जर्मनांना सामील आहे. त्यांनी तो समज तसाच राहू दिला. तोच तर बुरखा होता. ओंडके खाली येणाऱ्या त्या डोंगरात, कामगार म्हणून आलेली काही माणसं वर जायची आणि परत यायची नाहीत. पुढे एक बास्क मेंढपाळ, जाँ सारोशार, त्यांना रात्रीतून स्पेनच्या हद्दीत पोचवायचा. असे शंभराहून जास्त लोक सुटले. वैमानिक, कैदेतून पळालेले सैनिक, ज्यांच्या मागावर पोलीस होते असे. आमच्या सरांना मी सेमिनारमध्ये सांगितलं की रोपवेची डिझाइन कपॅसिटी लाकडाची होती, पण प्रत्यक्ष लोड वेगळाच होता. सर हसले, मार्क मात्र तेवढेच दिले.

१९४३ मध्ये भांडं फुटलं. गेस्टापो गिरणीवर आली तेव्हा स्केपेन्स निमित्त काढून बाहेर पडले आणि जंगलात शिरले. कितीतरी दिवस लपून राहून ते स्पेनमध्ये उतरले. त्यांची बायको आणि लहान मुलं मागे अडकली. ती पुढे डोंगर पायी ओलांडून स्पेनमध्ये पोचली. या भागाबद्दल कुठेही फार मोठं काही लिहिलेलं सापडत नाही, पण मला सगळ्यात भीती वाटली ती इथेच. शंभर परक्या माणसांना डोंगरापार पोचवणाऱ्या माणसाला स्वतःची मुलं मागे सोडून पळावं लागलं. यावर काय बोलणार?

पुढे ते लंडनला, पुन्हा मूरफील्ड्समध्ये आले. आता इथे थोडं डोळ्याचं यंत्रशास्त्र.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, रेटिना, तो जिवंत माणसात पहिल्यांदा नीट दिसला तो १८५१ मध्ये. ते यंत्र केलं हेल्महोल्त्झ यांनी. होय, आपल्या फिजिक्स लॅबमधल्या हेल्महोल्त्झ कॉइलवाले तेच. पण त्या यंत्रानं डॉक्टर एकाच डोळ्यानं, अगदी जवळ जाऊन, पडद्याचा मधला छोटासा भाग बघायचे. कडेचा भाग नाही. शिवाय एका डोळ्यानं बघितलं की खोली कळत नाही, पडदा किती उचलला गेलाय ते समजत नाही. (खोलीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) स्वित्झर्लंडचे ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं होतं की पडदा सुटतो तो त्याला पडलेल्या भोकामुळे, आणि भोक शोधून बंद केलं तर तो परत बसतो. त्याआधी पडदा सुटलेल्या माणसाला डोकं न हलवता महिनोन्महिने झोपवून ठेवायचे, बस. पण गोनँच्या पद्धतीतही भोक सापडायला तर हवं! भोकं बहुतेक कडेलाच असतात आणि कड दिसत नाही. अडचण बघण्यातच होती.

स्केपेन्स यांनी ती अडचण घेतली. दिवा डोक्यावर बांधला. एक भिंग हातात, पेशंटच्या डोळ्यासमोर. त्या भिंगामुळे पडद्याची खरी प्रतिमा हवेत तयार होते, उलटी आणि डावी-उजवी बदललेली. आता ती दोन्ही डोळ्यांनी बघायची तर पंचाईत अशी की आपल्या दोन डोळ्यांतलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर, आणि पेशंटची बाहुली औषधानं मोठी करूनही आठ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही नजरा तेवढ्या छोट्या दारातून आत जाणार कशा? म्हणून डोक्यावरच्या यंत्रात आरसे-प्रिझम बसवून बघणाऱ्याचे दोन डोळे जणू दीड सेंटिमीटरवर आणले. झालं! दोन्ही डोळ्यांनी, खोलीसकट, जवळजवळ कडेपर्यंत पडदा दिसू लागला, आणि दुसरा हात डोळा बाहेरून हलकेच दाबायला मोकळा राहिला. दोन डोळ्यांनी बघायची कल्पना जुनी होती, एकोणिसाव्या शतकातली. डोक्यावर बसवून कामाचं हत्यार केलं ते यांनी. आणि पहिला नमुना कशातून केला, तर बॉम्बहल्ल्यांनंतरच्या लंडनमध्ये मिळालेल्या भंगारातून. वर्कशॉपमध्ये मटेरियल नाही म्हणून रडणाऱ्या आमच्या बॅचनं (मीही त्यात आले) याची नोंद घ्यावी. ते यंत्र आज अमेरिकेत स्मिथसोनियन या संग्रहालयाकडे आहे.

१९४७ मध्ये स्केपेन्स अमेरिकेला, बोस्टनला गेले. १९४९ मध्ये तिथल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर हॉस्पिटलमध्ये त्यांनी फक्त पडद्याच्या आजारांसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्या आधी असं काही कुठे नव्हतं. १९५० मध्ये रेटिना फाउंडेशन काढलं, त्यालाच पुढे त्यांचं नाव मिळालं. १९५१ पासून ते एक ऑपरेशन करू लागले, स्क्लेरल बकल. सोप्या भाषेत, सुटलेल्या पडद्याला आतून चिकटवायला जाण्यापेक्षा डोळ्याच्या भिंतीलाच बाहेरून एक पट्टी बांधून ती आत दाबायची, म्हणजे भिंत पडद्याला जाऊन भेटते. पायपला क्लॅम्प बांधतो ना, तसं. जर्मनीत कुस्टोडिस नावाचे डॉक्टरही तेव्हाच याच दिशेनं काम करत होते. पण पट्टी डोळ्याभोवती पूर्ण गोल फिरवायची पद्धत बसवली आणि जगभरच्या मुलांना शिकवली ती स्केपेन्स यांनी. पूर्वी निम्मेअर्धे पडदे बसायचे नाहीत, तिथे दहातले नऊ बसू लागले.

आता मी मध्ये येते. कारण ती पट्टी माझ्या डाव्या डोळ्यावर होती.

माझा जन्म जानेवारी २००६ मधला. यायचं होतं एप्रिलमध्ये. एकोणतीस आठवड्यांची, वजन अकराशे ग्रॅम. आई सांगते की बाबांच्या तळहातावर मी मावायचे आणि बाबा हात थरथरेल म्हणून घ्यायलाच घाबरायचे. पाच आठवडे काचेच्या पेटीत होते. जीव वाचला आणि घरी आणलं, पेढे वाटले, जगदंबेला ओटी भरली. डोळ्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी जीव वाचवला हेही खरं आहे, आणि तेव्हा लहान गावांत ही तपासणी फारशी कोणाला माहीतच नव्हती हेही.

तर कारण असं. पोटात बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून सुरू होऊन हळूहळू कडेकडे वाढतात. कडेला पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधीच जन्मलं की कडेचा भाग कोरा राहतो. पुढे तो कोरा भाग उपाशीपोटी ओरडायला लागतो आणि त्याच्या हाकेला वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या उगवतात. त्यांचा जाळ होतो, जाळाचा व्रण होतो, व्रण आवळतो आणि पडदा ओढून काढतो. सगळा खेळ काही आठवड्यांचा. आणि बाहेरून बघितलं तर डोळे छान काळेभोर! या आजाराला आरओपी म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९४२ मध्ये टेरी नावाच्या डॉक्टरांनी केलं, तेही बोस्टनमध्येच. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं यानं आंधळी झाली. मग लक्षात आलं की पेटीतल्या बाळांना सढळ हातानं दिलेला ऑक्सिजनच यात मोठा गुन्हेगार होता. ज्यानं जीव वाचायचा त्यानंच डोळे जायचे. ऑक्सिजन मोजून द्यायला लागले तेव्हा आंधळी मुलं कमी झाली. पण नंतर आणखी लहान, आणखी हलकी बाळं वाचू लागली आणि आजार परत आला. आपल्याकडे तो मोठा झाला तो आयसीयू जिल्ह्याजिल्ह्यांत पोचल्यावर.

आजार सुरू होतो कडेला. म्हणजे जिथे हेल्महोल्त्झच्या यंत्राला दिसत नाही आणि स्केपेन्सच्या दिव्याला दिसतं तिथे. हा दिवा नसता तर कडेचा तो आजार वेळेत दिसला नसता, ऑपरेशन तर पुढची गोष्ट.

आमची एक मावशी आदिलाबादला नर्स होती. ती बाळ बघायला आली, आठव्या आठवड्यात. येताच तिनं आईला विचारलं की डोळे दाखवले का. नाही म्हटल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही. नागपूरपेक्षा हैदराबाद दुप्पट लांब, पण मावशीला तिथले डॉक्टर माहीत होते, म्हणून त्याच हायवेवरून रात्रीच्या गाडीनं आई, बाबा, मावशी आणि शालीत गुंडाळलेली मी हैदराबादला. मार्च २००६ चा शेवटचा आठवडा. उजव्या डोळ्यात आजार तिसऱ्या पायरीवर होता, त्याला लगेच लेसर केला. तो लेसरही त्याच डोक्यावरच्या यंत्रातून मारतात. डाव्या डोळ्यात पडदा कडेनं सुटायला लागला होता. तिथे लेसर करून आणि नंतर बकल बांधून झालं. मावशी आणखी पंधरा दिवस उशिरा आली असती तर काय, हा विषय आमच्या घरी काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

चार्ल्स स्केपेन्स २८ मार्च २००६ रोजी अमेरिकेत वारले. वय चौऱ्याण्णव. मी तारखा जुळवून बघितल्या. आईच्या जुन्या फायलीत माझ्या लेसरची तारीख त्याच आठवड्यातली आहे. याला काही अर्थ नाही, माहीत आहे मला. पण मेसमध्ये जेवताना ही तारीख डोक्यात फिरत राहिली.

बकलबद्दल एक गंमत. मोठ्या माणसाला ती पट्टी जन्मभर राहिली तरी चालते. बाळाचा डोळा मात्र वाढत असतो, पट्टी वाढत नाही. म्हणून काही महिन्यांनी परत भूल देऊन ती कापावी लागते. माझी वर्षाच्या आत कापली. कापूस वेचायच्या दिवसांत बाबा शेत सोडून हैदराबादला गेले होते, ते आजोबा अजून काढतात.

आता खरा प्रश्न. पडदा बसला, ऑपरेशन यशस्वी झालं, पेपरात फोटो आला. (आमचा नाही आला.) पण ते मूल वीस वर्षांनी काय बघतं?

स्केपेन्स यांना हा प्रश्न लागू होता, कारण त्यांच्याच संस्थेत १९८० च्या दशकात तात्सुओ हिरोसे यांनी पडदा पूर्ण सुटलेल्या, म्हणजे पाचव्या पायरीच्या बाळांवर ऑपरेशनं केली. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग तात्पुरता काढून, वरून उघड्या डोळ्यात आतला व्रण सोडवायचा. त्या पद्धतीचं नावच ओपन-स्काय, उघडं आकाश. धाडस मोठं. पण अशा डोळ्यांचा निकाल जगात सगळीकडेच कमी आला. पडदा बऱ्याचदा जागेवर बसला तरी नजर यायची ती उजेड-अंधार कळण्याइतकी, फार तर समोरून काही हललं ते कळण्याइतकी. मला सुरुवातीला वाटलं, मग कशाला एवढं? नंतर आमच्या आजीची आठवण झाली. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ गेलेली होती, पण खिडकीचा उजेड दिसायचा आणि त्या उजेडावरून ती घरभर फिरायची. उजेड म्हणजे काहीच नाही असं डोळस माणसालाच वाटतं.

त्या मानानं आधीच्या पायरीला पकडलेली मुलं नशीबवान. अमेरिकेत १९८६ मध्ये सव्वा किलोच्या आतल्या बाळांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला, क्रायो-आरओपी. त्यात आजार वाढलेले डोळे कडेनं गोठवून उपचार केले (लेसर नंतर आला) आणि त्याच मुलांना पंधरा वर्षं परत परत तपासलं. पंधराव्या वर्षी उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी ६४.३ टक्के डोळ्यांची नजर ६/६० किंवा त्याहून वाईट होती. उपचार केलेल्यांत ४४.७ टक्के. म्हणजे उपचार करूनही शंभरातले पंचेचाळीस. लेसर आल्यावर आणि लवकर करायला लागल्यावर चित्र खूप सुधारलं, पण मला हा आकडा वाचून गप्प बसायला झालं. आणखी एक गोष्ट त्यात होती. दहा ते पंधरा वर्षांच्या काळात, सगळं स्थिर झालंय असं वाटत असताना, काही डोळ्यांत पडदा नव्यानं बिघडला. उपचार केलेल्या डोळ्यांतसुद्धा. जुना व्रण शांत बसलेला असतो, गेलेला नसतो.

माझा निकाल असा. उजवा डोळा, मायनस साडेसहाचा चष्मा लावून ६/९. डावा ६/६०, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर, संपलं. लहानपणी उजव्या डोळ्यावर पट्टी लावून डाव्याला कामाला लावायचे, रोज दोन तास. मी रडून पट्टी काढून टाकायचे आणि आई परत लावायची. दोन्ही डोळे मिळून बघत नाहीत, त्यामुळे खोली मला जवळजवळ कळत नाही. स्केपेन्सनी एवढा खटाटोप करून डॉक्टरला जी गोष्ट दिली, ती मला नाही! मैत्रिणींना माहीत आहे की मी चहा कपाच्या बाहेर ओतते. बॅडमिंटनचं शटल रॅकेटच्या अलीकडून जातं. इंजिनीअरिंग ड्रॉइंग मात्र मला चांगलं जमलं, आयसोमेट्रिकसुद्धा. कागदावरची खोली सगळ्यांनाच खोटी असते, तिथे मी आणि तुम्ही सारखेच.

पण मी एक चूक केली. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा, जन्मभर, असं सांगितलेलं आहे. होस्टेलला आल्यापासून दोन वर्षं मी गेलेच नाही. सबमिशन, व्हायवा, आणि खरं कारण म्हणजे औषध टाकल्यावर दिवसभर काही वाचता येत नाही. आई फोनवर विचारायची, मी झालं म्हणायचे. सेमिनारच्या त्या रात्री पंधरा वर्षांचे आकडे वाचले तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि मी उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेले. आईला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, सोबत आली.

स्केपेन्स यांनी मेंदिवची गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली नाही. बोस्टनमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना सर म्हणजे शिस्तीचे, पहाटेपासून ऑपरेशन थिएटरमध्ये, एवढंच माहीत. जगभरातून लोक शिकायला यायचे आणि परत जाऊन आपल्या देशात पडद्याचे विभाग काढायचे. पडद्याच्या डॉक्टरांची रेटिना सोसायटी निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच. या सगळ्यात आरा मशीनचा विषय कुठेच नव्हता. मेग ऑस्ट्रम या लेखिकेनं त्यांच्यावर आणि त्या मेंढपाळावर लिहिलेलं पुस्तक २००४ मध्ये आलं. फ्रान्सनं त्यांना लेजियों द ऑनर हा सन्मान दिला तो मार्च २००६ मध्ये, मृत्यूच्या आठवडाभर आधी. साठ-बासष्ट वर्षांनी! सरकारी कामाला वेळ लागतो हे तिकडेही आहे म्हणायचं.

आपल्याकडे आता नियम आहे. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायचा, फारच लहान असेल तर त्याच्याही आधी, वीस दिवसांच्या सुमाराला. २०१३ पासून सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमातही हा आजार आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तामिळनाडूतल्या एका मुलीला, जिची ही तपासणी झाली नव्हती आणि जिचे दोन्ही डोळे गेले, सुमारे एक कोटी ऐंशी लाखांची भरपाई द्यायला लावली. कोणाच्या घरी, ताई-वहिनीचं, लवकर बाळ झालं असेल तर दवाखान्यातून सुट्टी घेताना फक्त एवढं विचारा, पडदा कधी तपासायचा. माझ्या मावशीनं हेच विचारलं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी तो दिवा डोक्यावर चढवला, मला आडवं झोपवलं, हातात भिंग धरलं. मी प्रत्येक वेळी डोळे मिटते, या वेळी नाही मिटले. वर बघ, खाली बघ, डाव्या कानाकडे बघ. एका बोथट लोखंडी काडीनं पापणीवरून डोळा दाबतात, ते दुखतं थोडं. उजव्यात लेसरचे जुने डाग तसेच आहेत, पडदा सपाट. डाव्यात, जिथे वीस वर्षांपूर्वी पट्टी होती तिथे भिंतीवर तिचा खळगा अजून दिसतो म्हणाले. पट्टी कधीच काढून टाकली तरी. कडेला एक पातळ जागा आहे, ती आधीच्या नोंदींत नव्हती. आत्ता काही करायचं नाही, पण आता वर्षानं नको, सहा महिन्यांनी यायचं. अचानक चमका दिसल्या किंवा काळं जाळं तरंगलं तर त्याच दिवशी.

सहा महिने म्हणजे मे, आणि मे मध्ये एंड-सेम आहे. तारीख मी तरी घेतली. परतताना आईनं पेपरचं टाइमटेबल मागितलं आणि फायलीत लावून टाकलं.